पहिल्या पिठाची मूठ

दश्तीसंग या डोंगरातल्या गावात नियाझमतला नुसत्या नावाने हाक मारणारं माणूस एकच उरलं होतं, ती त्याची थोरली बहीण, आणि तिला स्वतःला काही ऐकू येत नसे. बाकी लहानथोर सगळे त्याला उस्तो म्हणत. कारागिराला आमच्याकडे उस्तो म्हणायची रीतच आहे. सुताराला म्हणतात, गवंड्याला म्हणतात, चांगली भिंत न बांधणाऱ्या गवंड्यालाही म्हणतात. पण नियाझमतला उस्तो म्हणताना लोक छातीला हात लावायचे, आणि त्याला कारण होतं.

देशातल्या यादवीच्या दुसऱ्या हिवाळ्यात खालून पिठाच्या गाड्या यायच्या बंद झाल्या. सामुदायिक शेतीच्या काळातली विजेची गिरणी गावात होती, पण वीजच नव्हती. घरोघरी थोडाफार गहू होता आणि तो दळायचा कशावर हे कुणाला सुचत नव्हतं. बायका गहू उकडून पोरांपुढे ठेवत. नियाझमत तेव्हा तिशीचा होता, ट्रॅक्टर दुरुस्त करायचा, आणि डिझेल नसल्यामुळे रिकामा बसून होता. त्याने काय केलं, तर आजोबांची पाणचक्की, जी पुरात ओढ्यात गाडली गेली होती, ती उकरून काढली. अकरा माणसं आणि दोन गाढवं लागली. खालचा दगड धड निघाला. वरच्या दगडाचं तोंड, म्हणजे धान्य आत पडायचं मधलं भोक, मात्र फुटलेलं, त्यामुळे ज्या लोखंडी पट्टीवर तो दगड फिरतो ती पट्टीच त्यात बसेना.

आजोबा ती पट्टी तुतीच्या लाकडाच्या पाचरी मारून बसवायचे. पाचरी ओल्या झाल्या की फुगायच्या, सुकल्या की सैल पडायच्या, दर आठवड्याला नव्या ठोकायला लागायच्या. नियाझमतला ही कटकट नको होती. त्याने मेलेल्या ट्रॅक्टरच्या बॅटऱ्या फोडल्या, आतलं शिसं लोखंडी पळीत वितळवलं आणि पट्टीच्या चारी बाजूंनी ओतलं. थंड झाल्यावर पट्टी अशी बसली की घणाने हलेना. दुसऱ्या दिवशी दुपारी चक्की फिरली आणि संध्याकाळी गावात तीन महिन्यांनी रोटीचे तनूर पेटले. म्हातारे लोक पहिली गरम रोटी हातात घेऊन रडले म्हणतात. त्या दिवसापासून तो उस्तो झाला.

चक्कीबरोबर आजोबांची एक रीतही त्याने पुन्हा सुरू केली. दगड दळून दळून गुळगुळीत होतो, मग त्याला टाकी लावून, म्हणजे छिन्नीने टोचून, खडबडीत करावं लागतं. टाकी लावल्यावर जे पहिलं पीठ पडतं त्यातली एक मूठ धान्याच्या मालकाची नसते. ती गावात जी बाई पोटुशी असेल, बाळंतीण असेल किंवा ज्या घरात मूल आजारी असेल तिथे जाते. चक्कीवाल्याने ती स्वतःच्या हाताने भरायची, फडक्यात बांधायची आणि बदल्यात काही घ्यायचं नाही. बाई ते पीठ चरबीत भाजून पातळ आटाला करून पिते. त्याने अंगात बळ येतं, दूध उतरतं, पोर धरून राहतं, असं आमच्या आज्या-पणज्या सांगत आल्या.

नियाझमत मुळात थोडा फुशारकीचा. लग्नाकार्यात चार लोक जमले की सांगायचा, ‘या गावातलं पंचवीस वर्षांखालचं एक माणूस दाखवा, जे माझ्या मुठीवर वाढलं नाही.’ लोक हसायचे आणि कबूल करायचे. खरंच होतं ते.

दर वसंतात, पाणी वाढायच्या आधी, तो शिसं नव्याने ओतायचा, कारण वर्षभराच्या घासण्याने ते झिजलेलं असे. त्या दिवशी गावातली पोरं चक्कीपाशी गोळा व्हायची. पळीतलं शिसं आधी करडं, मग एकदम लखलखीत. त्याची नात अनोरा त्याला चांदीचं पाणी म्हणायची. झिजलेलं शिसं कुठे गेलं, हा प्रश्न त्याने स्वतःला कधी विचारला नाही. दगडही झिजतो, तोही कुठेतरी जातोच.

घरात तो, त्याची बायको गुलचेहरा, सून मुनव्वर आणि अनोरा. मुलगा इस्कंदर रशियात भिंती रंगवायला गेलेला, आमच्याकडच्या निम्म्या मुलांसारखा. इस्कंदर हा चक्की सुरू होण्याआधीचा. त्याच्या पाठीवर गुलचेहराला चार वेळा दिवस गेले आणि चारही वेळा काही राहिलं नाही. तेव्हा सगळे म्हणाले, युद्धाचा धसका घेतला तिने. पुढे युद्ध संपलं, पण कारण तेच राहिलं. एकुलत्या मुलाची एकुलती लेक म्हणून अनोरावर त्याचा जीव. टाकी लावली की गावातली मूठ कुणाचीही असो, आधी तो तळहातावर चिमूटभर गरम पीठ घेऊन तिच्यापुढे धरायचा आणि ती वासरासारखी चाटून घ्यायची.

पाचव्या वर्षी अनोराचं काहीतरी बिनसलं. पोटात कळ यायची आणि ती गुडघे पोटाशी घेऊन पडायची. रंग पांढरा पडला. चार-चार शब्दांची वाक्यं बोलणारी पोर एकेका शब्दावर आली, आणि तोही सांगितल्यावर. नियाझमतने काय करावं? त्याने तिला पहिल्या पिठाचा आटाला रोज द्यायला सांगितला. टाकी महिन्याने लागायची ती तो दहा दिवसांनी लावू लागला, खास तिच्यासाठी.

त्या साली खालच्या दवाखान्यातून सव्रिनिसो नावाची परिचारिका वर यायला लागली. बाई तिशीची, रबरी बूट घालून चिखल तुडवत यायची आणि जिभेला हाड नव्हतं तिच्या. शाळेतली अर्धी पोरं तिसरीतच का अडकतात हे मास्तरांनी तिला विचारलं होतं. तिने अनोराचा ओठ वर करून पाहिला.

“ही हिरड्यांवरची निळी रेघ कधीपासून आहे?”

“तुती खाते ना सारखी,” गुलचेहरा म्हणाली. “गावातल्या सगळ्याच पोरांना असते.”

“बीबी, तुमच्या गावात काळ्या तुतीचं एक झाड दाखवा मला. पांढरी तुती खाऊन हिरड्या निळ्या होतात होय?”

आणि खरंच, दश्तीसंगात तुतीची दोनशे झाडं असतील, पण सगळी पांढऱ्या तुतीची. पिढ्यान् पिढ्या आम्ही तिथे राहतो आणि हे कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

आठ दिवसांनी ती एक छोटं यंत्र घेऊन आली. शाळेच्या ओसरीवर पोरांना रांगेत बसवलं, बोटाला टोचून थेंब-थेंब रक्त घेतलं. नियाझमत गावाच्या वतीने पाहुणचाराला उभा होता, हातात चहाची किटली. सव्रिनिसोने आकडे वहीत उतरवले, एकदा तपासले, परत यंत्र लावलं आणि मग मास्तरांना म्हणाली की पोरांच्या रक्तात शिसं आहे, एकाच्या नाही, सगळ्यांच्या, आणि या उस्तोच्या नातीच्या सगळ्यात जास्त. ते पोटातून रक्तात जातं, हाडांत घर करतं, मेंदूला पोखरतं. पोटुशी बाई असेल तर पोरापर्यंत जातं.

नियाझमतला तिथेच कळलं. हे स्पष्ट सांगायला हवं, कारण पुढे गावात काही भले लोक म्हणायचे की बिचाऱ्याला काय ठाऊक. ठाऊक होतं. ज्या हाताने त्याने वीस दिवसांपूर्वी शिसं ओतलं होतं त्याच हातात किटली होती. धान्य ज्या तोंडातून पडतं त्याच तोंडाच्या कडेला ते शिसं आहे, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? पण त्याने सगळ्यांना चहा दिला, अगदी शेवटच्या माणसापर्यंत.

घरी येईपर्यंत त्याने मनाची समजूत घालून ठेवली होती. पंचवीस वर्षं लोक तेच पीठ खाताहेत, मेलं का कुणी? शिसं बसलंय दगडात, पीठ पडतंय बाहेर. शिवाय ती बाईच म्हणाली की रंगात असतं, पेट्रोलमध्ये असतं, भांड्यांच्या झिलईत असतं. झिलई हा शब्द त्याने घट्ट धरला.

दुसऱ्या दिवशी सव्रिनिसो नमुने घ्यायला घरोघर फिरली, पाणी, माती, मसाले, भांडी. चक्कीवरही आली. म्हणाली, “उस्तो, तुमच्याकडे सगळ्या गावाचं धान्य येतं. मला थोडं धान्य द्या.” त्याने दगडावरच्या पेटीतून ओंजळभर गहू काढून तिच्या पिशवीत घातला. तिने धान्य मागितलं, त्याने धान्य दिलं. पिठाचं पोतं त्याच्या गुडघ्याला टेकून उभं होतं.

गव्हात काही निघालं नाही. पाण्यात काही निघालं नाही. दोन-तीन घरांतल्या झिलईच्या ताटांत मात्र थोडं शिसं सापडलं, आणि सव्रिनिसो म्हणाली की एवढ्याने सगळ्या गावाचं रक्त बिघडणार नाही, पण ही वापरू नका. नियाझमतने तिचं अर्धंच वाक्य गावात फिरवलं. पाणवठ्यावर उभा राहून बायकांना दमात घेतलं, पोरांना विष घालताय, लाज वाटत नाही का. त्याचा शब्द कोण मोडणार? दोन दिवसांत ओढ्याकाठी ताटांच्या खापऱ्यांचा ढीग पडला. गुलचेहराचं लग्नातलं ताट होतं, निळं, मधोमध डाळिंब काढलेलं. माहेरून येताना ती ते मांडीवर घेऊन गाडीत बसली होती. ते त्याने स्वतः फोडलं, सगळ्यांच्या देखत. ती बाजूला उभी होती.

पण रात्री नात शेजारी कण्हायला लागली की झिलईची समजूत टिकत नव्हती. मग नियाझमतने जे केलं त्याला काय म्हणावं? तो खालच्या बाजाराला गेला आणि कझाकी पांढऱ्या पिठाचं एक पोतं गाढवावर टाकून, वरून गवताचा भारा बांधून घरी घेऊन आला. सुनेला म्हणाला, माझे दात दुखतात, जाडं पीठ चावत नाही, आजपासून घरात ह्याचीच रोटी लाव. अनोरालाही हीच दे, तिचा आटालाही ह्याचाच कर, एका घरात दोन तनूर कशाला लावायचे? मुनव्वर हरखून गेली. पांढरी रोटी आमच्याकडे सणाला असते.

चक्की चालूच होती. साठ घरांची पोती येत होती. ती बंद केली तर का म्हणून विचारतील, आणि विचारलं तर काय सांगायचं? आज बंद करतो, उद्या करतो, असे दिवस गेले. लाकडाच्या पाचरी तासाव्यात म्हणून तुतीचं एक खोड त्याने आणून ठेवलं, पण ते ओलं होतं. वाळू दे, म्हणाला. वाळत ठेवलं आणि रोज त्याच्याकडे पाहत तेच जुनं दळण दळत राहिला.

एके दिवशी ओइमाह दारात येऊन उभी राहिली. वरच्या आळीतली, विशी-बाविशीची. नवरा इस्कंदरबरोबरच रशियात. दोनदा तिचे दिवस पुरे भरले नव्हते. हे तिसरं, पाचवा महिना लागला होता. दगडाला त्याच सकाळी टाकी लागली आहे हे तिने आवाजावरून ओळखलं होतं, टाकी लागल्यावर चक्कीचा सूर बदलतो. ती काही मागत नव्हती. रीतच अशी की मागायचं नसतं, फक्त दारात उभं राहायचं.

नियाझमतने तिच्याकडे पाहिलं. मग वाकला, मूठ भरली, फडक्यात बांधली आणि तिच्या हातात दिली. तिने फडकं कपाळाला लावलं.

पहिल्या तपासणीनंतर चाळीस दिवसांनी सव्रिनिसो पुन्हा यंत्र घेऊन आली. ह्या वेळी आयाही ओसरीवर आल्या होत्या, ताटं फोडून काय फरक पडला हे सगळ्यांना बघायचं होतं. ओइमाहही होती, ओटीपोटावर हात ठेवून भिंतीला टेकून बसलेली. सव्रिनिसोने तिचंही रक्त घेतलं. एकेक आकडा येत गेला आणि तिचा चेहरा उतरत गेला. कुणाचा तेवढाच, कुणाचा वाढलेला. ओइमाहचा पाहून तिने परत टोचलं, आणि परत तोच आला. शेवटी अनोरा आली. सव्रिनिसोने यंत्राकडे पाहिलं आणि पहिल्यांदाच तिच्या तोंडावर हसू आलं.

“हिचं उतरलंय,” ती म्हणाली. “चांगलंच उतरलंय. अगं मुनव्वर, काय केलंस तू वेगळं? सांग सगळ्यांना.”

मुनव्वर बिचारी भोळी. चारचौघांत कौतुक झालं म्हणून लाल झाली. सासऱ्याला तीही लेकीसारखं बोबो, म्हणजे आजोबा, म्हणायची. “मी काही नाही केलं. बोबोंनी खालून पांढरं पीठ आणलं, त्यांचे दात दुखतात ना, महिनाभर त्याचीच रोटी खातोय आम्ही.”

बायकांना लगेच उमगलं नाही, सव्रिनिसोला उमगलं. ती वही मिटून नियाझमतकडे वळली आणि हळू आवाजात विचारलं, “उस्तो, तुमच्या चक्कीच्या दगडात पट्टी कशाने बसवली आहे?”

पळून जाता आलं असतं, खोटंही बोलता आलं असतं. खोटं बोलायची सवय आता त्याला झाली होती. पण अनोरा त्याच्या गुडघ्याला धरून उभी होती. त्याने सांगितलं. सगळं सांगितलं, बॅटऱ्या, पळी, दर वसंतातलं ओतणं, गव्हाचा नमुना, गवताखालचं पोतं. सांगताना तो जमिनीकडे पाहत होता.

गुलचेहराच्या तोंडून एवढंच निघालं, “माझं ताट उगाच फोडलंत.” आणि ती तोंडावर ओढणी घेऊन रडायला लागली. ती ताटासाठी रडत नव्हती हे तिथल्या प्रत्येक बाईला समजलं, कारण तिची ती चार पोरं कुठे पुरली आहेत हे त्या बायकांनाच माहीत होतं.

ओइमाह उठून उभी राहिली.

“तुम्हाला ठाऊक होतं,” ती म्हणाली. “मग त्या दिवशी मला मूठ का दिलीत, उस्तो?”

“तू दारात उभी होतीस,” नियाझमत म्हणाला. “नाही म्हणालो असतो तर का म्हणून विचारलं असतंस.”

तिने मान हलवली, एखादा हिशोब पटल्यासारखी, आणि घरी गेली. शिव्या दिल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं.

त्याच दुपारी तो छिन्नी-हातोडा घेऊन चक्कीत शिरला. मनगटात जोर नव्हता, कप हातातून निसटायला लागून दोन वर्षं झाली होती. म्हातारपण म्हणून तोही दुर्लक्ष करत आला होता. दोन दिवस लागले. गावातली माणसं काठावर उभी राहून बघत होती, मदतीला कुणी उतरलं नाही. शिशाचे तुकडे त्याने सव्रिनिसोने आणलेल्या पेटीत मोजून टाकले. पुढे त्याने दगडाचा आतला भाग दोन बोटं खोल टाकीने खरवडून काढला, तुतीच्या वाळलेल्या लाकडाच्या पाचरी तासल्या आणि पट्टी आजोबांसारखी बसवली. दगड साफ व्हावा म्हणून पोतंभर भुसा दळला आणि तो ओढ्यात न फेकता खड्ड्यात पुरला. सव्रिनिसोने पिठाचा नमुना नेला आणि महिन्याने शिक्क्याचा कागद आणून दिला, पीठ स्वच्छ आहे म्हणून. तो कागद त्याने चक्कीच्या दारावर खिळ्याने ठोकला.

धान्य घेऊन कुणी आलं नाही. लोक खालून पीठ आणत, उधार-उसनवार करून आणत, गाढवं नसलेले पाठीवर आणत. त्याच्या घरावरून जाताना छातीला हात कुणी लावत नसे. लोकांनी त्याला वाईट-साईट काही म्हटलं नाही. आमच्या गावात ज्याच्यावर राग संपत नाही त्याच्याशी लोक हवापाण्याचं बोलतात, तसंच ते त्याच्याशी बोलत.

ओइमाहला उन्हाळ्याच्या मध्यावर मुलगी झाली, महिनाभर आधी, दोन तळहातांत मावेल एवढी. जगली. सव्रिनिसो दर आठवड्याला येऊन तिला तपासत असे आणि पुढे काय हे विचारलं की म्हणायची, आत्ताच सांगता येत नाही, वाढू दे. अनोरा मात्र सुधारत होती. पोटातली कळ थांबली, गालावर रंग आला, एकेक शब्द परत जुळू लागला. जे गेलं ते सगळं येईलच असं नाही, हेही सव्रिनिसोने सांगून ठेवलं होतं.

मग हिवाळा तोंडावर आला. एकदा खिंड बंद झाली की खालचं पीठ चार महिने वर येत नाही, आणि सगळ्यांच्या घरात यंदाचा गहू पडून होता. माणसं कागदाकडे बघून जायला लागली. कुणीतरी आधी जायला हवं होतं, आणि ते कोण हे सगळ्यांना माहीत होतं.

एका सकाळी ओइमाह आली. एका खांद्यावर बाळ, दुसऱ्या हातात गव्हाची लहानशी पिशवी. तिच्या मागून पंधरा-वीस बायका आल्या आणि ओढ्याच्या काठावर बसल्या. नियाझमतने टोपी नीट केली. मुनव्वर आणि अनोरा त्याच्यासाठी शिरचाय, लोणी-मीठ घातलेला दुधाचा चहा, घेऊन आल्या होत्या, त्याही दारात थांबल्या.

“टाकी लावलीत?” ओइमाहने विचारलं.

“कालच.”

“दळा मग.”

त्याने तिचा गहू पेटीत ओतला, पाण्याची फळी उचलली. दगड फिरला. नव्या पाचरींचा करकर आवाज आला आणि मग तो मोठा, जुना सूर. पीठ पडायला लागलं. त्याने पहिली मूठ भरली, गरम होती, आणि फडकं शोधायला वळला.

“मूठ तुझीच,” तो म्हणाला, “तू बाळंतीण.”

“माझी नको,” ओइमाह म्हणाली. “आधी अनोराला द्या. इथे, माझ्यासमोर.”

मागणं रास्त होतं. कागद दारावर होता. शिसं त्याने स्वतःच्या हाताने कोरून काढलं होतं, एक कण ठेवला नव्हता. आठ दिवसांपूर्वी त्याने स्वतः त्या पिठाची रोटी खाल्लीही होती. पीठ स्वच्छ आहे हे गावात कुणाला पक्कं ठाऊक असेल तर त्यालाच. अनोरा नेहमीच्या सवयीने पुढे आली, त्याच्या हाताशी तोंड नेऊन उभी राहिली आणि डोळे मिटले.

नियाझमतने मूठ उघडली नाही.

त्याला उघडायची होती. काठावरच्या बायका बघत होत्या, सून बघत होती, ओइमाह बाळाच्या पाठीवर हळूहळू थोपटत बघत होती. तिने बराच वेळ वाट पाहिली, तिला घाई नव्हती. मग पुढे होऊन तिने पाण्याची फळी खाली टाकली, दगड थांबेपर्यंत उभी राहिली, पेटीतला उरलेला गहू ओंजळीने आपल्या पिशवीत भरला आणि वाटेला लागली. काठावरच्या बायका उठल्या आणि तिच्यामागून गेल्या.

“बोबो, दाखवा ना हातात काय आहे,” अनोरा म्हणाली. पुरं वाक्य होतं, कित्येक महिन्यांनी. ती हसत त्याची बोटं एकेक करून उघडायला बघत होती. त्याच्या मनगटात जोर राहिला नव्हता, म्हणून त्याने दुसरा हात त्या मुठीवर घट्ट धरला.